गुदमार्गाच्या खुणा: रिपोर्टातले ‘३ सेमी’ नेमके कुठून मोजायचे?

पारसिक_बोगदा

नर्सिंग आणि ओपीडी सहायकांच्या वर्गासाठी गुदमार्गाची एकपानी मराठी आकृती करतोय. उभा छेद, एका बाजूला खुणा, दुसऱ्या बाजूला अंतरं. खुणा काढून झाल्या, अंतरं टाकताना गाडी अडली आहे. एकाच पेशंटच्या फाइलीत तीन कागद असतात. केसपेपरवर ‘फिशर (चीर), ६ वाजता’, एमआरआयवर ‘भगंदराचं आतलं तोंड व्हर्जपासून २.५ सेमी’ आणि स्कोपीच्या रिपोर्टात ‘डेंटेट लाइनच्या लगेच वर’. तिघांची मोजपट्टी वेगळी, आणि पेशंट बाकावर बसून ड्रेसिंगच्या सिस्टरला विचारतो, “म्हणजे नक्की कुठे हो?”

बाहेरून आत जाताना मी धरलेल्या खुणा अशा: आधी ॲनल व्हर्ज, म्हणजे केसाळ सुरकुतलेली कातडी संपून गुळगुळीत बिनकेसाची सुरू होते ती कडा. तिच्या जरा आत दोन स्फिंक्टरांमधली, म्हणजे मार्ग आवळणाऱ्या आतल्या आणि बाहेरच्या गोल स्नायूंमधली खाच. साधारण २ सेमीवर दंतुर रेषा, जिला सगळे डेंटेट किंवा पेक्टिनेट लाइन म्हणतात. तिच्या वर मॉर्गाग्नीचे उभे स्तंभ, ६ ते १०. पुस्तकागणिक आकडा बदलतो. आणि साधारण ४ सेमीवर अ‍ॅनोरेक्टल रिंग. ही रिंग म्हणजे प्युबोरेक्टॅलिस स्नायूचं आणि स्फिंक्टरांच्या वरच्या काठांचं कडं. तिथून वर गुदाशय.

माझं मत: शून्य व्हर्जवर धरावं आणि सगळं तिथून मोजावं. काहीही आत न घालता डोळ्यांना दिसते अशी तेवढी एकच खूण आहे. जाणकारांनी काय ठेवावं, काय गाळावं ते सांगा.

तलावपाळी

नेमका डबा उघडला आणि हा धागा वर. पोळीभाजी संपवून येतो. पुभाप्र.

सीवूड्स_ओटी

व्हर्जला शून्य धरायला माझा विरोध. व्हर्ज ही पक्की जागा नाही. नितंब बाजूला ओढले की ती बाहेर वळते, भूल दिल्यावर स्नायू सैल पडला की आणखी वळते, आणि चौथ्या ग्रेडची मूळव्याध बाहेर लोंबत असेल तर कडा कुठली आणि कोंब कुठला हेच नवख्याला कळत नाही. एकाच पेशंटमध्ये ओपीडीतलं आणि टेबलावरचं माप वेगळं येतं ते यामुळे.

उपचार ठरतात ते दंतुर रेषेवर. तिच्या खाली कातडीचीच संवेदना आहे: प्युडेंडल नर्व्हची इन्फिरिअर रेक्टल शाखा, सुई टोचली तर सुईच टोचल्याचं कळतं. वर आतड्याच्या नसा, तिथे ताण कळतो, कापलेलं कळत नाही. म्हणून आतल्या मूळव्याधीला रबर बँड भूल न देता लावता येतो आणि बाहेरच्या कोंबाला तो कधीच लावायचा नसतो. बँड रेषेच्या निदान १ सेमी वर बसला पाहिजे. रेषेला चिकटून लावला तर पेशंट टेबलावरच ओरडतो, आणि मग बँड कापून काढण्यावाचून इलाज नसतो. रक्ताळलेल्या जागी तो कापणं हे वेगळं संकट.

लावण्याआधी फोर्सेप्सने किंवा सक्शनने कोंब धरून विचारायचं, “दुखतंय?” हो म्हणाला तर सोडा आणि वर सरका. जडपणा, शौचाला आल्यासारखं वाटणं चालतं, टोचल्यासारखं दुखणं चालत नाही.

शवविच्छेदन_हॉल

सीवूड्स यांच्याशी सहमत, फक्त मुळाशी जातो. रेषेच्या वरचा भाग भ्रूणाच्या पश्चांत्रातून, म्हणजे एंडोडर्ममधून येतो. खालचा बाहेरच्या खळग्यातून, एक्टोडर्ममधून. मधला पडदा गर्भाच्या साधारण आठव्या आठवड्यात फुटतो. बाकी सगळं त्यातून आलं आहे.

वर रक्त सुपीरिअर रेक्टल धमनीचं, म्हणजे इन्फिरिअर मेसेंटेरिकचं. खाली इन्फिरिअर रेक्टलचं, म्हणजे इंटर्नल प्युडेंडलचं. वरची शीर यकृताकडे जाते, खालची थेट मोठ्या रक्ताभिसरणात. वरची लसीका श्रोणीतल्या, इंटर्नल इलियॅक गाठींकडे. खालची जांघेतल्या वरवरच्या गाठींकडे. अस्तर वर स्तंभाकार पेशींचं, खाली चपट्या थरांचं. हे बदल चाकूने कापल्यासारखे एका रेघेवर होत नाहीत. रेषेच्या लगेच वर एक संक्रमण पट्टा असतो, कुठे अर्धा सेमी, कुठे एकाच्याही वर, आणि त्यात दोन्ही तऱ्हेच्या पेशी सापडतात. बँडसाठी एक सेमीची मोकळीक सोडतात ती त्यामुळे. रेषेवरच वेदना संपते असं कुणी समजू नये.

पांढरी रेषा आकृतीत असेल तर कृपया गाळा. हिल्टनची व्हाइट लाइन परीक्षेत लिहितात खरी, पण जिवंत माणसात पांढरं काही दिसत नाही. बोटाला लागते ती खाच, आणि ती मात्र ठेवाच.

घोडबंदरकर

थोडं अडाणी विचारतो. एका पुस्तकात गुदमार्ग ४ सेमी, दुसऱ्यात २. बरोबर कोण?

शवविच्छेदन_हॉल

@घोडबंदरकर, दोन्ही. सर्जन मोजतात व्हर्जपासून अ‍ॅनोरेक्टल रिंगपर्यंत, ते सुमारे ४ सेमी. बायकांत जरा कमी. भ्रूणशास्त्राच्या अंगाने मोजणारे दंतुर रेषेपाशी थांबतात, ते सुमारे २. पहिल्याला सर्जिकल, दुसऱ्याला अ‍ॅनाटॉमिकल गुदमार्ग म्हणायची पद्धत आहे. आकृतीत दोन्ही कंस काढा, नाहीतर हाच प्रश्न प्रत्येक बॅचला येईल.

खारघर_टेकडी

रेडिऑलॉजीकडून एक अडचण. तुम्ही दंतुर रेषेला शून्य करा म्हणताय, पण ती एमआरआयवर दिसतच नाही. श्लेष्मल अस्तरातली रेघ ती, तिला जाडी नाही. गुदमार्गाच्या मध्यावर ती असावी असं धरून आम्ही आतल्या तोंडाची उंची सांगतो. दिसतं काय? आतला स्फिंक्टर, बाहेरचा स्फिंक्टर, दोघांमधली चरबीची फट, प्युबोरेक्टॅलिस, लेव्हेटर. म्हणून आमची मापं व्हर्जपासून, आणि ती तशीच राहणार.

आणखी एक. स्लाइस गुदमार्गाच्या अक्षाला काटकोनात घ्याव्या लागतात. टेबलाला सरळ धरून घेतल्या तर मार्ग तिरका कापला जातो, कारण तो नाभीच्या दिशेने पुढे झुकलेला असतो. मग ६ वाजताचं तोंड ५ वर दिसतं आणि उंची चुकते. बाहेरून स्कॅन करून आणलेल्या फिल्म बघताना हे आधी तपासावं.

क्षारसूत्र_वैद्य

चांगली चर्चा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या अध्यायात गुद साडेचार अंगुलांचं सांगितलं आहे, आणि त्यात दीड दीड अंगुलाच्या अंतराने तीन वळ्या: प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. गुदौष्ठ म्हणजे तुमची व्हर्ज, आणि तिचं माप केसांच्या टोकापासून दिलंय. पहिली वळी गुदौष्ठापासून एक अंगुलावर. म्हणजे पारसिक यांच्यासारखं शून्य बाहेरच धरलेलं आहे.

शवविच्छेदन_हॉल

वैद्यराज, तीन वळ्या म्हणजे तीन कुशन (गुदमार्गातले रक्ताने भरलेले मऊ उंचवटे) किंवा ह्यूस्टनचे तीन पडदे, असं जे बसवलं जातं त्याला माझी हरकत आहे. कुशन एका पातळीवर गोलात असतात, एकावर एक नसतात. ह्यूस्टनचे पडदे गुदाशयात, फार वर.

अंगुल पावणेदोन ते दोन सेमी धरलं तर साडेचार अंगुलं ८ ते ९ सेमी भरतात. सर्जिकल गुदमार्गाच्या दुप्पट. म्हणजे त्या मापात गुदाशयाचा खालचा भागही आला. तपासणाऱ्याच्या तर्जनीला जेवढं लागतं तेवढं म्हणाना.

क्षारसूत्र_वैद्य

बोटाला लागतं तेवढं मोजणं हेच तर प्रात्यक्षिक. :) ह्यूस्टनच्या पडद्यांशी जुळवणी मीही करत नाही.

नेरूळची_सिस्टर

सगळे शून्यावर भांडताय, पण वर्ग नर्सिंगचा आहे. आमच्या कामाची खूण अ‍ॅनोरेक्टल रिंग, आणि तिच्याबद्दल अजून कुणीच नीट लिहिलं नाही.

सपोझिटरी बाहेर का येते? ती रिंगच्या खाली, गुदमार्गातच सोडली जाते म्हणून. तिथे स्फिंक्टरचा दाब सगळ्यात जास्त, तो तिला परत ढकलतो. मोठ्या माणसात बोट ४ सेमीच्या पुढे, रिंग ओलांडून मोकळ्या जागेत गेलं पाहिजे. तिथे गोळी भिंतीला टेकवायची, शौचाच्या गोळ्यात खुपसायची नाही. शौचात गेली तर विरघळेल पण औषध भिंतीला लागणार नाही. एनिमाची नळी मोठ्यांत ७ ते १० सेमी आत, त्याहून पुढे रेटायची नाही. पेशंट डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. नळीचं तोंड आधी नाभीच्या दिशेने, रिंग ओलांडली की पाठीच्या कण्याकडे. हा कोन न कळल्याने पुढच्या भिंतीला इजा होते. अडलं तर थांबायचं, थोडं पाणी सोडून बघायचं, जोर नाही.

सीवूड्स_ओटी

@नेरूळची_सिस्टर, +१. रिंग आकृतीत ठळक हवी. बोटाने तपासताना क्रम असा शिकवा. परवानगी, पडदा, सोबत दुसरी व्यक्ती. आधी बघा, मग हात लावा: बाजूच्या कातडीवर छिद्र, पू, जुना व्रण, कोंब. नितंब हलक्या हाताने वेगळे करा. मागच्या बाजूला चीर दिसली आणि पेशंट आखडला तर त्या दिवशी बोट आत घालू नका. निदान झालेलंच असतं.

चीर नसेल तर तर्जनीला भरपूर लिग्नोकेन जेली. बोटाचं पेर व्हर्जवर सपाट टेकवून थांबा. टोक खुपसलं की स्फिंक्टर आवळतो. काही सेकंदांत तो सैल पडतो, मग बोट आपोआप आत सरकतं. कडेलगत आत खाच लागते: तिच्या आतला कठीण गोल काठ म्हणजे आतल्या स्फिंक्टरचं खालचं टोक, बाहेरचा मऊ भाग म्हणजे बाहेरच्या स्फिंक्टरचा कातडीखालचा भाग. दंतुर रेषा निरोगी माणसात बोटाला लागत नाही. ३ ते ४ सेमीवर मागे आणि बाजूंना जाड पट्टा लागतो, तो प्युबोरेक्टॅलिस. समोर तो नसतो, कारण तो यू आकाराचा आहे, प्युबिसपासून निघून मागून वळसा घालतो. “आवळा” म्हणा, पट्टा बोटाला पुढे ओढतो. “शौचाला जोर करा” म्हणा, पट्टा सैल पडायला हवा. उलट घट्ट झाला तर बद्धकोष्ठाचं कारण तुमच्या बोटाखाली आहे, आणि इसबगोल कितीही वाढवलं तरी ते सुटणार नाही.

तलावपाळी

डबा संपला. शेवटचे तीन प्रतिसाद वाचून घास गिळणं अवघड झालं, पण माहिती जबरी आहे. वाखु साठवली.

कळवा_खाडी

आता घड्याळाचं कुणीतरी घ्या. ‘६ वाजता’ म्हणजे काय ते पेशंटला तर सोडाच, नव्या इंटर्नलाही कळत नाही.

सीवूड्स_ओटी

१२ म्हणजे पोटाच्या, जननेंद्रियांच्या बाजूला. ६ म्हणजे माकडहाडाच्या बाजूला. पेशंट उताणा, पाय वर बांधलेले, समोरून बघितल्यावर ३ पेशंटच्या डावीकडे, ९ उजवीकडे. डाव्या कुशीवर घेतलं की हे घड्याळ आडवं होतं, ३ गादीकडे जातं. पालथं घातलं की उलटंच होतं: दिसायला वर असतं ते ६. काही जण पालथ्या पेशंटमध्ये दिसेल तसं घड्याळ वाचून लिहितात, आणि पुढच्या सर्जनला भगंदर विरुद्ध बाजूला सापडतं. म्हणून आकड्याबरोबर शब्द लिहाच: ‘६ वाजता, मागे मध्यभागी’. चार अक्षरं जास्त.

कुशन नेहमीचे ३, ७ आणि ११ वाजता: डावा बाजूचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. सगळ्यांत तसेच नसतात, मधे छोटे कोंबही असतात.

घोडबंदरकर

म्हणजे मूळव्याध प्रत्येकालाच आहे?

सीवूड्स_ओटी

कुशन प्रत्येकाला आहेत, जन्मापासून. नळाच्या वॉशरसारखं काम आहे त्यांचं. आतला स्फिंक्टर मार्ग आवळतो, पण गोल स्नायू शेवटची फट बुजवू शकत नाही, ती हे रक्ताने भरलेले उंचवटे बुजवतात. विश्रांतीच्या दाबात त्यांचा वाटा १५ ते २० टक्के धरतात. त्यांना धरून ठेवणारे तंतू ताणून तुटले, ते खाली घसरले आणि रक्त येऊ लागलं की मग मूळव्याध. रक्त लालभडक असतं, कारण त्यात धमनी-शिरांचे थेट जोड आहेत. काळपट रक्त किंवा शौचात मिसळलेलं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवू नका, वर बघा.

वाशी_पूल

ट्रान्स-हार्बरच्या डब्यात चिकटवलेले ‘मूळव्याध, भगंदर, फिशर एका इंजेक्शनात’ हे स्टिकर वाचून वाटायचं की तिन्ही एकच आजार. इथे समजलं की मजले वेगळे आहेत.

शवविच्छेदन_हॉल

@वाशी_पूल, मजलेच. आतली मूळव्याध रेषेच्या वरून सुरू होते. फिशर रेषेच्या खाली, बिनकेसाच्या कातडीत, जिला ॲनोडर्म म्हणतात. भगंदराचं आतलं तोंड बहुतेकदा रेषेवरच, तिथल्या खिशात. कोंब सुकवायचं इंजेक्शन तिघांपैकी फक्त पहिल्याला, आणि तेही रेषेच्या वर, कोंबाच्या मुळाशी.

कळवा_खाडी

फिशर मागेच का होतं, पुढे का नाही?

सीवूड्स_ओटी

पुढेही होतं, बायकांत जास्त. पण दहातली नऊ मागे मध्यभागी. तिथे रक्तपुरवठा मुळात कमी, त्यात आतला स्फिंक्टर आवळलेला, म्हणजे तोही दाबला जातो. शौचाचा कडक गोळा आला, चीर पडली, दुखलं, स्नायू आणखी आवळला, रक्त आणखी कमी, चीर भरत नाही. उपचार हे चक्र तोडण्याचा: शौच मऊ करणं, कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटं बसणं, आणि २ टक्के डिल्टिआझेमचं मलम दिवसातून दोनदा, ६ ते ८ आठवडे. मलम वाटाण्याएवढं, कडेला आणि जेमतेम आत. लोक बोटभर आत कोंबतात आणि मलम गुदाशयात जातं, जिथे त्याचा उपयोग नाही. दुसरी चूक म्हणजे चौथ्या दिवशी दुखणं थांबलं की मलम बंद करणं. टबात साधं पाणी पुरे. जंतुनाशक ओतलं तर कातडी भाजते.

जुन्या फिशरला बाहेरच्या टोकाला कातडीचा कोंब येतो आणि आतल्या टोकाला रेषेवरची गाठ फुगते. त्या बाहेरच्या कोंबालाच मूळव्याध समजून लोक वर्षभर भलती गोळी खातात.

चीर बाजूला, ३ किंवा ९ वाजता असेल, किंवा एकापेक्षा जास्त असतील, तर थांबून विचार करा: क्षय, क्रोन्स, एचआयव्ही, सिफिलिस, रक्ताचा कर्करोग. आकृतीत इथे एक लाल ताराच टाका.

क्षारसूत्र_वैद्य

भगंदराकडे येतो. रेषेवरच्या छोट्या पडद्यांच्या मागे खिसे असतात, त्यांच्यात ग्रंथींची तोंडं उघडतात. काही ग्रंथी आतला स्फिंक्टर भेदून दोन स्फिंक्टरांमधल्या फटीत जातात. तोंड बुजलं की पू त्या फटीत साठतो आणि वाट फुटेल तिकडे जातो: खाली कातडीकडे, बाहेर स्नायू भेदून, क्वचित वर. बाहेर फोड फुटतो, लोकांना तो गळू वाटतो. गळू कापून पू काढला तरी आतलं तोंड तसंच राहिलं तर काही आठवड्यांनी पुन्हा तिथेच पाणी येतं.

गुडसॉलचा नियम शिकवायला सोपा. गुदद्वाराच्या मधोमध आडवी रेघ कल्पा. बाहेरचं तोंड रेघेच्या पुढे असेल तर नळी सरळ जवळच्या खिशाकडे. मागे असेल तर वळत जाऊन मागे मध्यभागी, ६ वाजता. अपवाद: पुढचं तोंड व्हर्जपासून ३ सेमीपेक्षा लांब असेल तर तीही वळून मागे जाऊ शकते.

क्षारसूत्र म्हणजे भगंदराच्या नळीत ओवून बांधायचा २० नंबरचा लिननचा धागा: ११ पुटं (थर) स्नुहीच्या चिकाची, ७ स्नुही आणि अपामार्ग (आघाडा) क्षाराची, ३ स्नुही आणि हळदीची, एकूण २१. आठवड्याने बदलतात. धागा नळी आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेमी कापत येतो, त्यामुळे ६ सेमीच्या नळीला किती महिने लागतील याचा अंदाज पेशंटला आधीच द्यावा. पुटं अर्धवट वाळलेली असताना पुढचं पुट चढवलं तर ओवताना थर सोलून येतो, आणि मग तो नुसता दोरा उरतो.

खारघर_टेकडी

@क्षारसूत्र_वैद्य, गुडसॉलवर फार विसंबू नका. मागच्या तोंडांना तो बरा चालतो, पुढच्यांना बराच कमी. दुसऱ्यांदा होणाऱ्या भगंदरात, क्षयात, क्रोन्समध्ये नियम बाजूला ठेवून स्कॅन करावा.

सीवूड्स_ओटी

आणि बायकांत समोरचं भगंदर कापून उघडायचं नाही. समोर प्युबोरेक्टॅलिस नसतोच, बाहेरचा स्फिंक्टरही तिथे आखूड. प्रसूतीत तो आधीच फाटलेला असू शकतो. जेवढा कापाल तेवढा वाऱ्यावरचा ताबा जातो. नळी किती स्नायू धरून जाते हे कळल्याशिवाय चाकू नाही. इथे सीटॉन (नळीत ओवून ठेवलेला धागा) किंवा लिफ्ट, म्हणजे दोन स्फिंक्टरांमधल्या फटीत शिरून नळी बांधून तोडणं. आधी सांगितलेली दोन स्फिंक्टरांमधली खाच बोटाला ओळखता आली नाही तर लिफ्टचा छेद कुठे घ्यायचा हेच कळणार नाही. ती आकृतीत हवी याचं हे आणखी एक कारण.

घोडबंदरकर

अवांतर: खाली बसून शौच करणं चांगलं म्हणतात त्याचा या रिंगशी संबंध आहे का? सोसायटीत सगळ्यांनी कमोड बसवलेत.

नेरूळची_सिस्टर

@घोडबंदरकर, आहे. प्युबोरेक्टॅलिस गुदाशयाला पुढे ओढून ठेवतो, त्यामुळे गुदाशय आणि गुदमार्ग यांच्यात विश्रांतीत साधारण काटकोन असतो. उकिडवं बसलं की मांडी पोटाशी येते, कोन उघडतो, वाट सरळ होते. कमोडवर पायाखाली १५ ते २० सेमीचा पाट ठेवून पुढे झुकलं तर बरंच साधतं. गुडघे दुखणाऱ्यांना भारतीय संडासाचा आग्रह धरू नका. मुख्य म्हणजे मोबाइल बाहेर ठेवा. कमोडवर बसून राहिलं की कुशन रक्ताने भरून खाली लोंबतात, जोर करा वा करू नका.

वाशी_पूल

मोबाइल बाहेर ठेवला तर हा धागा वाचायचा कुठे?

तलावपाळी

हहपुवा!

शवविच्छेदन_हॉल

अतिअवांतर होण्याआधी एक. वारा आहे की शौच हे शरीराला कळतं कसं? गुदाशय भरला की आतला स्फिंक्टर क्षणभर सैल पडतो, आतला ऐवज खाली सरकून रेषेजवळच्या संक्रमण पट्ट्याला लागतो, आणि तो पट्टा ओळखतो. तोवर बाहेरचा स्फिंक्टर आवळलेला असतो. हर्शस्प्रंग आजाराच्या (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः नसपेशी नसतात त्या) बाळात हा सैल पडण्याचा प्रतिसाद नसतो. म्हणून हा पट्टा सपाट रेघ म्हणून काढू नका, रुंदी द्या.

खारघर_टेकडी

मूळ प्रश्नाकडे परत. आतापर्यंत कुणी कर्करोगाचं बोललं नाही, आणि तिथे शून्य चुकलं तर सगळ्यात महाग पडतं. गुदाशयाच्या खालच्या गाठीचं अंतर व्हर्जपासून सांगतात, पण स्फिंक्टर वाचेल की पोटावर शौचाची कायमची पिशवी लागेल हे ठरतं रिंगपासूनच्या अंतरावर. व्हर्जपासून ५ सेमी हा आकडा एकटा काही सांगत नाही. गुदमार्ग ३ सेमीचा असेल तर गाठीखाली २ सेमी मोकळे, ४.५ चा असेल तर अर्धा. म्हणून एमआरआयमध्ये दोन्ही आकडे देतो.

आणि गुदमार्गाचा चपट्या पेशींचा कर्करोग हा वेगळाच आजार. त्याला पहिला उपचार केमो आणि रेडिएशन एकत्र. १९७४ मध्ये नायग्रो या सर्जनने ही दिशा दाखवली आणि तोवर सरसकट होणारं मार्ग काढून टाकणं मागे पडलं. आमच्या खारघरलाच टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे पाठवताना बायोप्सी कुठून घेतली ते रेषेच्या संदर्भात लिहा. जांघेत गाठ लागली तर गुदद्वार बघितल्याशिवाय पेशंट सोडू नका. कारण वर शवविच्छेदन यांनी सांगितलंच आहे.

सीवूड्स_ओटी

हे मान्य. पण मूळव्याधीच्या पेशंटला रिंग आणि व्हर्ज दोन्हीतलं अंतर काही कामाचं नाही, त्याला रेषाच हवी. प्रॉक्टोस्कोप आत घालताना आतला दांडा बसवलेलाच हवा, तो काढल्यावर स्कोप पुढे ढकलायचा नाही, आणि सगळं बघायचं बाहेर काढताना. गुलाबी-लाल अस्तर, मग जांभळट कुशन स्कोपच्या तोंडात फुगतात, मग दातेरी काठ, त्याच्या खाली फिकी चकचकीत कातडी. तो रंग जिथे बदलतो तिथून मोजा.

पारसिक_बोगदा

सर्वांचे आभार. खारघर आणि सीवूड्स या दोघांची गरज एका शून्यात बसणारी नाही, हे स्पष्ट आहे. व्हर्जचा आग्रह मी सोडत नाही, कारण सिस्टरांची नळी आणि गोळी तिथूनच आत जाते. मात्र आकृतीत मोजपट्टी तीन ठिकाणी टेकेल: व्हर्ज शून्य, रेषा सुमारे २, रिंग सुमारे ४. खाली मोठ्या अक्षरात एकच सूचना: ‘कुठून मोजलं आणि पेशंट कसा झोपवला होता, ते लिहा.’ घड्याळात १२ वर ‘पुढे’, ६ वर ‘मागे’ असे शब्द. पांढरी रेषा गाळली. खाच, संक्रमण पट्टा आणि बाजूच्या फिशरवरचा लाल तारा घेतला. वळ्या तळटीपेत, अंगुलांच्या मापासकट.

रेषेच्या वरचा भाग लाल आणि खालचा निळा करायचा विचार आहे.

नेरूळची_सिस्टर

रंगावर जाऊ नका. वॉर्डात पोचेपर्यंत ते पान तिसऱ्या झेरॉक्सचं झेरॉक्स असतं, लाल-निळं दोन्ही काळं होतं. वर आडव्या रेघा भरा, खाली ठिपके. आणि दंतुर रेषा दातेरीच काढा, सरळ रेघ मारली तर कुणीतरी तिला व्हर्ज समजेल.